लॉर्ड्ससमोरचं सिनेगॉग: लंडनच्या लिबरल ज्यूंची गोष्ट

सांजवात (धागालेखिका)

लंडनमध्ये लॉर्ड्सच्या ग्रेस गेटमधून बाहेर पडलं की सेंट जॉन्स वुड रोड लागतो. आपल्याकडून गेलेली मंडळी गेटपाशी फोटो काढतात, तिकीट मिळालं तर मॅच बघतात आणि ट्यूब पकडून परत जातात. त्याच रस्त्यावर, मैदानासमोर, एक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. नाव लिबरल ज्यूइश सिनेगॉग. तिथले लोक नुसतं 'एलजेएस' म्हणतात. जुन्या रिवाजांत काळानुसार बदल करणाऱ्या, इंग्लंडमधल्या लिबरल ज्यू पंथाचं हे मूळ घर. या घरातून निघालेली एक वाट थेट आपल्या भायखळ्यात येते. तरीही मराठीत त्याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून हा धागा.

सुरुवात लिली माँटेग्यूपासून करावी लागेल. जन्म १८७३. वडील सॅम्युअल माँटेग्यू मोठे बँकर, व्हाइटचॅपलचे खासदार, पुढे लॉर्ड स्वेदलिंग. घर श्रीमंत आणि धर्माच्या बाबतीत अतिशय कडक. पूर्व लंडनमध्ये रशिया-पोलंडमधून आलेल्या गरीब ज्यूंची छोटी छोटी प्रार्थनाघरं होती. ती एकत्र बांधून १८८७ मध्ये 'फेडरेशन ऑफ सिनेगॉग्ज' उभं केलं ते याच सॅम्युअलनी. म्हणजे लिली ज्या परंपरेशी पुढे आयुष्यभर वाद घालणार होती, त्या परंपरेचा एक खांब तिच्या जेवणाच्या टेबलावर समोरच बसलेला होता.

लिलीने पुस्तकांत डोकं घालून सुधारणा शोधून काढली असं झालं नाही. १८९३ च्या सुमारास ती आणि तिची बहीण मॅरियन सोहोच्या आसपास कामगार मुलींचा क्लब चालवू लागल्या. शिवणकामाच्या कारखान्यांत राबणाऱ्या ज्यू मुली होत्या या. शनिवारी शब्बाथ, त्या दिवशी काम वर्ज्य; पण शनिवारी कामावर गेलं नाही तर नोकरी जाणार. सिनेगॉगमध्ये गेल्या तरी वरच्या गॅलरीत बसायचं, खाली पुरुष हिब्रूत काय म्हणताहेत ते कळणार नाही. या मुलींना धर्म नको होता असं लिलीला कधीच वाटलं नाही. धर्माने त्यांच्यासाठी जागाच ठेवली नव्हती, एवढंच तिचं म्हणणं होतं. ती क्लबमध्ये त्यांच्यासाठी इंग्रजीत प्रार्थना घेऊ लागली. त्याआधीपासून न्यू वेस्ट एंड सिनेगॉगमध्ये मुलांसाठीच्या प्रार्थनाही ती घेत होतीच.

१८९९ मध्ये तिने 'ज्यूइश क्वार्टर्ली रिव्ह्यू' या नियतकालिकात एक लेख लिहिला. आजच्या काळात ज्यू धर्मात आध्यात्मिक शक्यता काय उरल्या आहेत, हा विषय. लेखिका पंचविशीची, रब्बी (ज्यू धर्मगुरू) नाही, विद्यापीठाची पदवी नाही. पण लेखात तिने फक्त तक्रार केली नाही, एकत्र येऊन काही करू या अशी हाक दिली. त्या नियतकालिकाचे एक संपादक क्लॉड माँटेफिओरी. सर मोझेस माँटेफिओरींच्या भावाचे नातू, ऑक्सफर्डला शिकलेले, पुढे बर्लिनला जाऊन ज्यू विद्या शिकून आलेले. विद्वत्ता त्यांची आणि धडपड लिलीची, असं ते जोडकाम झालं. मला यात लिलीचा वाटा नेहमी मोठा वाटतो. माँटेफिओरींकडे विचार आधीपासून होते, पण पत्रं लिहून, लोकांच्या घरी जाऊन, बैठका भरवून त्यांना बाहेर ओढलं ते तिने.

१९०२ मध्ये 'ज्यूइश रिलिजस युनियन' स्थापन झाली. १८ ऑक्टोबर १९०२, शनिवार, दुपारची वेळ. मॅरिलबोन स्टेशनजवळच्या ग्रेट सेंट्रल हॉटेलच्या वॉर्नक्लिफ रूम्समध्ये पहिली प्रार्थना झाली. (ते हॉटेल आजही आहे, 'लँडमार्क' नावाने.) दुपार का? तर सकाळी कामावर जाणाऱ्यांना येता यावं म्हणून. स्त्री-पुरुष एकत्र बसले. बरीचशी प्रार्थना इंग्रजीत झाली. वाद्यसंगीत होतं. आज वाचताना यात काय एवढं असं वाटेल, पण तेव्हाच्या लंडनमध्ये खळबळ उडाली. चीफ रब्बी हर्मन ॲडलर विरोधात उभे राहिले. सुरुवातीला सहानुभूतीने सोबत आलेले काही धर्मगुरू दबाव वाढल्यावर मागे फिरले.

यातला एक प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. लंडनमध्ये १८४० पासूनच एक 'रिफॉर्म' सिनेगॉग होतं, वेस्ट लंडन सिनेगॉग. त्यांनी १९०३ मध्ये युनियनला आपली जागा देऊ केली, पण अटींसकट: स्त्री-पुरुष वेगळे बसतील, प्रार्थना बऱ्याच अंशी आमच्या पद्धतीच्या होतील. हक्काची, देखणी इमारत मिळत होती. युनियनने नकार दिला आणि भाड्याच्या हॉलमध्येच राहिली. एकत्र बसणं त्यांच्या दृष्टीने सोयीची बाब नव्हती, त्यावर तडजोड होणार नव्हती.

स्वतःचं सिनेगॉग काढायचं ठरायला पुढची काही वर्षं गेली. १९११ मध्ये हिल स्ट्रीटवरच्या, आधी ख्रिस्ती चॅपल असलेल्या इमारतीत लिबरल ज्यूइश सिनेगॉग सुरू झालं. रब्बी हवा होता. इंग्लंडमधला कोणी या वाटेला येईना. १९१० मध्ये माँटेफिओरी आणि डॉ. चार्ल्स सिंगर अमेरिकेला जाऊन शोध घेऊन आले होते. १९१२ च्या जानेवारीत इस्रायल मॅटक आले. जन्म लिथुआनियातला, वाढलेले अमेरिकेत, हार्वर्डला शिकलेले, सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजातून रब्बी झालेले. १९४८ पर्यंत तेच होते. लिली, माँटेफिओरी आणि मॅटक, या तिघांनी मिळून हा पंथ उभा केला असं इंग्लंडमध्ये मानतात.

१९११ मध्येच लिलीचे वडील वारले. मृत्युपत्रात अट होती: लिली आणि मॅरियन यांनी हे लिबरल पंथाचं काम चालू ठेवलं तर त्यांच्या वाट्याला मोठी कात्री लागेल. दोघींनी काम चालू ठेवलं. वडिलांविषयी लिली शेवटपर्यंत प्रेमाने आणि आदराने बोलत राहिली. स्वतःच्या घरात ती बरीचशी जुनी शिस्त पाळत असे. 'लिबरल' म्हणजे सगळं सैल सोडलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं.

१५ जून १९१८ रोजी तिने या सिनेगॉगमध्ये प्रवचन दिलं. इंग्लंडमधल्या सिनेगॉगच्या व्यासपीठावरून बोललेली ती पहिली स्त्री. १९२८ मध्ये बर्लिनच्या रिफॉर्म मंडळीच्या सिनेगॉगमध्येही ती बोलली, जर्मनीतही तो पहिलाच मान. मधे १९२६ मध्ये लंडनला जगभरच्या सुधारणावादी ज्यूंची परिषद भरवून तिने 'वर्ल्ड युनियन फॉर प्रोग्रेसिव्ह ज्यूडाइझम' उभी केली. या जागतिक संस्थेचं टपाल कित्येक वर्षं तिच्या घरून सांभाळलं जायचं.

लॉर्ड्ससमोरची इमारत १९२५ ची. १९४० च्या नोव्हेंबरात जर्मन बॉम्बहल्ल्यात तिची वाताहत झाली. दुरुस्त होऊन पुन्हा उघडायला १९५१ साल उजाडलं. पुढे ती पाडून नवी बांधावी लागली आणि १९९१ पासून सध्याची इमारत वापरात आहे. दरम्यान रब्बी बदलले. जॉन रेनर हे नाव मुद्दाम सांगते: १९२४ मध्ये बर्लिनला जन्म, महायुद्धाच्या तोंडावर मुलांना इंग्लंडला नेणाऱ्या किंडरट्रान्सपोर्टमधून आलेला पोरगा, आणि पुढे त्याच मुलाने या सिनेगॉगचं नेतृत्व केलं. २००४ मध्ये अलेक्झांड्रा राइट इथे सिनियर रब्बी झाल्या, इंग्लंडमध्ये हे पद मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री.

आता भायखळ्याची वाट. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईची एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणात रुजलेल्या मराठी ज्यू समाजातली, तरुणी लंडनला डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होती. ती या सिनेगॉगमध्ये जाऊ लागली, लिली माँटेग्यूला भेटली. तिचं नाव जेरुशा झिराड. परत आल्यावर १९२५ मध्ये तिने मुंबईत 'ज्यूइश रिलिजस युनियन' काढली, नावही लंडनचंच. तिचं सिनेगॉग म्हणजे भायखळ्याचं रोदेफ शालोम.

डॉ. झिराडबद्दल कोणाला माहिती असेल तर जरूर लिहा.

---

नवगावचा

सांजवातताई, मी ठाण्याचा, बेने इस्रायल. आमचं शार हाशामाईम सिनेगॉग १८७९ चं. लेख आवडला, पण थोडं वेगळं मत मांडतो.

आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर आले, तेल गाळायचा धंदा धरला, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून गावाने 'शनिवार तेली' म्हटलं. ना रब्बी, ना पुस्तकं, हिब्रूही जवळजवळ विसरलेली. उरलं काय? शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम, सण आणि 'शेमा' ही देव एकच असल्याची प्रार्थना. एवढ्यावर शेकडो वर्षं आम्ही ज्यू राहिलो. आमच्यासाठी परंपरा म्हणजे समुद्रात हाताला लागलेली फळी होती. तिच्यातलं कुठलं लाकूड काढावं आणि कुठलं ठेवावं हे ठरवायला आम्ही धजलो नाही, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

दुसरं म्हणजे भाषेचा प्रश्न आमच्याकडे आमच्या पद्धतीने सुटला. १८८० च्या दशकापासून बेने इस्रायल लोक मराठीत कीर्तनं करत होते. अब्राहाम, योसेफ, मोझेस यांची आख्यानं, हरिदासी कीर्तनाच्या चालीवर. मलिद्याला, म्हणजे आमच्या घरगुती धर्मविधीला, घरातल्या बायका सगळ्यांसोबतच बसतात, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन पोहे-खोबरं-गूळ वाटला जातो. त्यामुळे आमच्या आजीला धर्म कळत नव्हता असं मला कधी वाटलं नाही.

डॉ. झिराडबद्दल मात्र मनापासून आदर. आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावावरून. आमच्यात त्यांना न मानणारा माणूस सापडणार नाही, मग तो रोदेफ शालोमला जात असो वा नसो.

---

कात_चुना

नवगावचा दादा, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं.

डॉ. झिराडबद्दल मला ठाऊक असलेलं लिहिते. ग्रँट मेडिकल कॉलेजला शिक्षण. परदेशी शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळालेली पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. १९१९ मध्ये लंडनची एमडी, स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रात. १९२८ ते १९४७ कामा हॉस्पिटलच्या प्रमुख. १९६६ मध्ये पद्मश्री.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे मुंबईतल्या बाळंतिणींच्या मृत्यूंची चौकशी. बाई बाळंतपणात गेली की "नशीब" म्हणून विषय संपायचा. त्यांनी एकेक मृत्यू का झाला ते शोधलं आणि १९४१ मध्ये अहवाल मांडला. मी स्वतः प्रसूती विभागात परिचारिका होते. कारण लिहून ठेवणं किती कठीण असतं आणि किती गरजेचं, हे मला माहीत आहे. लिली माँटेग्यूच्या क्लबमधल्या मुली आणि या बाया, दोन्हीकडे प्रश्न एकच: हिच्याकडे कोणी लक्ष का दिलं नाही?

---

एल्बेकाठ

मी हॅम्बर्गला राहतो. लंडनच्या आधीची कडी इथे आहे, ती जोडतो.

सुधारणावादी ज्यूंचं पहिलं टिकलेलं मंडळ हॅम्बर्गचं. १८१७ च्या डिसेंबरात संस्था स्थापन झाली, १८१८ मध्ये भाड्याच्या जागेत 'टेंपल' उघडलं. तारीख बघा: १८ ऑक्टोबर. लंडनची पहिली प्रार्थना १८ ऑक्टोबर १९०२ ची. हॅम्बर्गवाल्यांनी तो दिवस मुद्दाम निवडला होता, नेपोलियनविरुद्धच्या लाइपझिगच्या लढाईचा स्मृतिदिन म्हणून. आम्हीही या देशाचे नागरिक आहोत हे त्यांना सांगायचं होतं. जर्मन भाषेत प्रवचन, ऑर्गन, आणि १८१९ चं नवं प्रार्थनापुस्तक. जेरुसलेमला परत नेऊन यज्ञ पुन्हा सुरू कर, अशा अर्थाच्या प्रार्थना त्यांनी बदलल्या. त्यावर युरोपभरच्या रब्बींनी विरोधाची पत्रं एकत्र छापून काढली.

१८४४ मध्ये पूलष्ट्रासेवर त्यांनी स्वतःची इमारत बांधली. तिच्या उद्घाटनासाठी संगीत मिळावं म्हणून थेट फेलिक्स मेंडेल्सोनशी पत्रव्यवहार झाला होता. आज त्या इमारतीचे दोन तुकडे एका मागच्या अंगणात उभे आहेत, पुढचा भाग आणि मागचा अर्धगोल. मधलं सगळं १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. जागा खाजगी मालकीची होती. अलीकडे, २०२० मध्ये, शहराने ती विकत घेतली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे मोटारी उभ्या होत्या. हे युरोपच्या ज्यू इतिहासातलं किती मोठं ठिकाण, आणि रस्त्यावरून चालणाऱ्याला पत्ता नाही.

तिसरी इमारत ओबरष्ट्रासेवरची, १९३१ ची. साधी, सरळ रेषांची, त्या काळातली अगदी आधुनिक. वापरायला मिळाली जेमतेम ७ वर्षं. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवरच्या नाझी हल्ल्यांत आत मोडतोड झाली आणि प्रार्थना कायमच्या थांबल्या. तिथले रब्बी ब्रुनो इटालिनर निसटून लंडनला पोचले. भिंती वाचल्या. युद्धानंतर ती जागा रेडिओकडे गेली, आज ते एनडीआर या रेडिओ संस्थेचं रोल्फ लीबरमान स्टुडिओ नावाचं संगीतसभागृह आहे. मी तिथे मैफल ऐकली आहे. आवाज सुंदर घुमतो. पण ऐकताना मन सारखं बांधणाऱ्यांकडे जातं.

लिबरल ज्यू विचार जर्मनीत जन्मला आणि तिथे त्याची माणसं मारली गेली किंवा परागंदा झाली. लंडनचं हे सिनेगॉग नसतं तर युरोपात तो विचार कुठे राहिला असता? जर्मनीतले लिबरल रब्बी लिओ बेक तेरेझिनच्या छळछावणीतून वाचून १९४५ मध्ये लंडनलाच आले आणि तिथून जागतिक संस्थेचं काम पाहू लागले.

---

सांजवात

एल्बेकाठ, खूप आभार. नेमका हाच दुवा माझ्या लेखात कमी होता. जॉन रेनरसारखी बर्लिनची मुलं लंडनमध्ये रब्बी झाली, ती या पार्श्वभूमीवर बघायला हवीत.

नवगावचा दादा, मराठी कीर्तनाचा मुद्दा मला पटतो. पण मी एक विचारते, वाद म्हणून नाही. सिनेगॉगमध्ये तुमच्याकडे बायका वर बसतात ना? तोरा (ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ) वाचायला, पुढे उभं राहून बोलायला? डॉ. झिराड शस्त्रक्रिया करत होत्या, हॉस्पिटल चालवत होत्या. लंडनला त्यांनी पाहिलं की स्त्रिया प्रार्थनेत खाली, बरोबरीने बसतात आणि एक बाई व्यासपीठावरून बोलतेही. हे पाहिल्यावर परत येऊन गॅलरीत बसणं त्यांना कसं वाटलं असेल याचा मी विचार करते.

---

नवगावचा

ताई, प्रश्न रास्त आहे. वरच बसतात. माझी मुलगी तुमच्याच बाजूने बोलेल. माझं उत्तर असं की वर बसलेल्या माझ्या आईला अख्खी प्रार्थना पाठ होती आणि खाली माझे काका पानं शोधत असायचे. पण हेही मान्य करतो की तिला वाचायची इच्छा होती का, हे आम्ही कोणी विचारलं नाही.

---

जुनी_वही

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक जोड. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आपण शाळेत घोकल्या. ते भारतमंत्री एडविन माँटेग्यू म्हणजे या लिलीचे धाकटे भाऊ. भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा त्यांनी २० ऑगस्ट १९१७ रोजी केली. आणि त्याच ऑगस्टमध्ये पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्रीय घर करण्याच्या प्रस्तावाविरुद्ध त्यांनी मंत्रिमंडळापुढे अत्यंत तीव्र टिपण ठेवलं. मंत्रिमंडळातले ते एकमेव ज्यू, आणि त्याच प्रस्तावातून आलेल्या बाल्फोर जाहीरनाम्याचे कडवे विरोधक.

वडिलांच्या मृत्युपत्राचा फास एडविनच्याही गळ्यात होता: बायको ज्यू असलीच पाहिजे. त्यांचं मन व्हेनेशिया स्टॅन्लीवर, ती ख्रिस्ती. १९१५ मध्ये तिने धर्मांतर केलं ते लिबरल पद्धतीने, आणि लग्न झालं. ज्या पंथावर वडिलांचा राग, त्याच पंथाने मुलाला वडिलांची अट पाळायची वाट करून दिली.

क्लॉड माँटेफिओरीही त्या काळात झायोनिझमचे, म्हणजे ज्यूंचं वेगळं राष्ट्र मागणाऱ्या चळवळीचे, ठाम विरोधक. ज्यू हा धर्म आहे, राष्ट्र नाही, हा त्यांचा पाया. सुरुवातीच्या लिबरल विचाराचा हा भाग समजून घेतल्याशिवाय तो विचार पुरता कळत नाही. पुढे, विशेषतः हिटलरनंतर, त्या सिनेगॉगमधल्या लोकांची मतं बरीच बदलली.

(इस्रायल-पॅलेस्टाइनवर इथे भांडण सुरू करू नये ही सगळ्यांना विनंती. धागा चांगला चाललाय.)

---

ओसरी

हे सगळं वाचताना प्रार्थना समाज डोळ्यांसमोर येतो. १८६७, मुंबई. मातृभाषेत उपासना, स्त्रियांचा सहभाग, मूर्तीऐवजी एकेश्वर, आणि तरी तुकोबांचे अभंग सोडायचे नाहीत. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करत होते. म्हणजे वॉर्नक्लिफ रूम्समध्ये ती पहिली प्रार्थना झाली तेव्हा अण्णासाहेब इंग्लंडातच होते! १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमला उदार धर्मवाद्यांची परिषद भरली, तिथेही त्यांनी निबंध वाचला. युरोप आणि हिंदुस्थान, दोन्हीकडे एकाच वेळी माणसं हाच प्रश्न विचारत होती: देव मानायचा आहे, पण बुद्धी दाराबाहेर ठेवून आत जायचं नाही, मग करायचं काय?

फरक मला असा दिसतो. प्रार्थना समाज विचाराने मोठा, पण माणसांनी लहान राहिला. लग्न, बारसं, अंत्यविधी, मुलांचं शिक्षण हे सगळं सांभाळणारी घट्ट मंडळी फारशी उभी राहिली नाही. लंडनच्या लोकांनी मात्र मुलांना धर्म शिकवणारी शाळा चालवली, लग्नं लावली, दफनभूमीची सोय केली. म्हणून त्यांची चौथी-पाचवी पिढी आज तिथे येते. आपल्याकडे शिंद्यांना हे कळत होतं. त्यांनी अस्पृश्यांसाठी मिशन काढलं, गावोगाव हिंडले. पण समाजातल्या शिकलेल्या लोकांनी त्यांना हवी तशी साथ दिली नाही. हे दुःख मला नेहमी वाटतं.

---

पाटीपेन्सिल

माझा अगदी प्राथमिक प्रश्न. रिफॉर्म आणि लिबरल हे वेगळे कसे? आणि तिथे डोक्यावर टोपी घालावी लागते का?

---

सांजवात

इंग्लंडपुरतं सांगते. रिफॉर्मवाले जुने, १८४० चे, बदल बेताने करणारे. लिबरल १९०२ चे, जास्त पुढे जाणारे. उदाहरण म्हणजे ज्यू कोण? सनातनी कायद्यानुसार आई ज्यू हवी. लिबरल म्हणतात, आई किंवा वडील, दोघांपैकी एक ज्यू असेल आणि मूल ज्यू म्हणून वाढलं असेल तर ते ज्यू. आणखी एक: तेराव्या वर्षी फक्त मुलग्यांची बार मित्झ्वा (धर्माच्या दृष्टीने सज्ञान होण्याचा विधी), त्याऐवजी त्यांनी सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुलं-मुली दोघांसाठी 'कन्फर्मेशन' आणलं, समजून-उमजून धर्म स्वीकारण्याचा विधी. आज बार मित्झ्वा आणि मुलींची बात मित्झ्वाही तिथे होतात.

टोपीची गोष्ट छान आहे. सुरुवातीच्या काळात तिथे बरेच पुरुष उघड्या डोक्याने बसत, सक्ती नव्हती. आता टोपी आणि तल्लिथ (प्रार्थनेची शाल) घेणारे पुष्कळ दिसतात, त्यांत स्त्रियाही. हिब्रूचं प्रमाणही वाढलं. १९६७ मध्ये आणि पुन्हा १९९५ मध्ये नवी प्रार्थनापुस्तकं आली. ९५ च्या पुस्तकात देवाला सतत पुरुषवाचक संबोधन नको म्हणून भाषा बदलली, आणि पुस्तक हिब्रूप्रमाणे उजवीकडून उघडू लागलं. आजोबांनी टाकलेलं नातवंडांनी उचललं, पण स्वतः निवडून. माँटेफिओरींना हे आवडलं असतं की नाही कोण जाणे, लिलीला नक्की आवडलं असतं असं माझं मन सांगतं.

२०२३ मध्ये लिबरल आणि रिफॉर्म या दोन्ही संघटनांनी एक व्हायचं जाहीर केलं. १९०३ मध्ये ज्या अटींवरून जमलं नव्हतं, त्या अटी आता कोणाच्याच उरलेल्या नाहीत.

---

कॅम्पातली

पुणेकरांनो, एक गोष्ट कोणीच कशी नाही लिहिली! एलजेएसमध्ये होलोकॉस्टचं, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचं, स्मारकशिल्प आहे, १९९६ चं, आणि ते केलंय अनिश कपूर यांनी. कपूर मुंबईत जन्मलेले. त्यांची आई बगदादी, म्हणजे मूळ इराककडून आलेल्या, ज्यू घराण्यातली, आणि आईचे वडील पुण्याच्या सिनेगॉगमध्ये हझान, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणारे. आपलं कॅम्पातलं लाल देऊळ हो! डेव्हिड ससूनने १८६० च्या दशकात बांधलेलं.

मी शिल्पकलेची विद्यार्थिनी होते, म्हणून ते बघायला मुद्दाम गेले होते. काळा दगड, त्यात कोरून काढलेला खळगा, आरशासारखा घासलेला. समोर उभं राहिलं की आपलं प्रतिबिंब उलटं, दूर गेलेलं दिसतं. त्यात ना नावं, ना चेहरे, ना काटेरी तारा. ज्या लोकांचं काहीच मागे उरलं नाही त्यांच्यासाठी इतकं नेमकं मी दुसरं काही पाहिलेलं नाही. जाणार असाल तर आधी कळवून जा, बाहेर सुरक्षा कडक असते, ओळखपत्र लागतं.

---

नवगावचा

लाल देवळाचा उल्लेख वाचून आनंद झाला. आमच्या लोकांची तिथेही ये-जा होती, बगदादी आणि बेने इस्रायल यांच्यात जुने मानापमान असूनही.

'ज्यू कोण' हा विषय निघाला म्हणून सांगतो. इंग्लंडमधले सनातनी ज्यू लिबरल पद्धतीने झालेलं धर्मांतर मान्य करत नाहीत. पण सनातनी राहूनही आम्हाला काय अनुभव आला? इस्रायलला गेलेल्या आमच्या लोकांच्या लग्नांना तिथल्या रब्बींनी हरकत घेतली. पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास तपासा म्हणाले. बायका-मुलं घेऊन माणसं जेरुसलेमला धरणं देऊन बसली. शेवटी १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत. माझे मामा त्या धरण्यात होते. शेकडो वर्षं शब्बाथ पाळलेल्या माणसाला सिद्ध कर म्हणणं काय असतं, हे त्यांच्या तोंडून ऐकलंय. त्यामुळे दार उघडं ठेवणाऱ्यांविषयी माझ्या मनात कडवटपणा नाही. माझी वाट वेगळी, इतकंच.

डॉ. झिराडांच्या युनियनमधले बरेच जण १९४८ नंतर इस्रायलला, काही इंग्लंडला गेले. ते साहजिक होतं, आमच्या सगळ्याच सिनेगॉगमधली माणसं कमी झाली. माझी मुलगी रोदेफ शालोमला जाऊन आली आहे. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहायला सांगतो.

---

नवगावचा (मुलीकडून)

नमस्कार. बाबांच्या खात्यावरून लिहिते आहे. मी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये वाढले, वरच्या गॅलरीत. तिथून दिसणारं सगळं मला आवडतं, हे आधी सांगते.

रोदेफ शालोमला गेले तेव्हा जागा छोटी वाटली, माणसं मोजकी. मी सवयीने जिना शोधला. एक मावशी म्हणाल्या, "अगं, ये ना इथेच, बस बाबांशेजारी." बाबांच्या शेजारी बसून मी आयुष्यात पहिल्यांदा 'शेमा' म्हटलं. बाबांचा आवाज इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. लिली माँटेग्यूबद्दल तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, ते आज सांजवातताईंमुळे कळलं.

पुढच्या वेळी मला तोरा वाचायचा आहे. बाबा हिब्रूचे उच्चार पक्के करून घेणार आहेत.